यूव्ही बाटलीचा दिवा लागतो, तरी पोट बिघडतं: नेमकं कुठे तपासायचं

पावसाळा ओसरला आणि गडांच्या वाटा कोरड्या व्हायला लागल्या की एक तक्रार हमखास कानावर येते. झाकणात यूव्ही दिवा असलेली बाटली घेतली, टाक्यातलं पाणी भरलं, बटण दाबलं, निळा उजेड पडला, वेळ पूर्ण झाल्याची खूण दिसली, पाणी प्यायलो. आणि दोन दिवसांनी जुलाब. कुणाचं पोट ठीक राहतं, पण बाटलीला कुबट वास येतो आणि तो किती धुतलं तरी जात नाही. मग बाटलीच खराब निघाली असं ठरवून ती कपाटात जाते. किंवा ‘दिवा तर लागला होता’ म्हणून पाण्यावरचा संशय सोडला जातो आणि पुढच्या गडावर तेच घडतं.

बहुतेक वेळा दिवा ठीक असतो. त्याचा प्रकाश जिथे पोचतो तिथलं काम तो चोख करतो. अडचण असते ती प्रकाश न पोचणाऱ्या जागांत: गढूळ पाण्यात, झाकणाच्या आट्यांत, क्षार बसलेल्या काचेमागे. म्हणून तपासणीची सुरुवात पाण्यापासून करा, दिव्याकडे नंतर या. मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने लिहितो आहे. पहिल्या दोन कारणांतच उत्तर सापडलं तर पुढचं सगळं करायची गरज नाही.

हा दिवा करतो काय

अतिनील किरणांतला यूव्ही-सी हा पट्टा जंतूंच्या डीएनएमध्ये आणि विषाणूंच्या आरएनएमध्ये शोषला जातो. 260 नॅनोमीटरच्या आसपास हे शोषण सर्वांत जास्त असतं. डीएनएच्या साखळीतले शेजारचे दुवे एकमेकांना चिकटतात, जंतूला स्वतःची प्रत काढता येत नाही आणि तो पोटात जाऊनही वाढू शकत नाही. जुन्या पद्धतीच्या पाऱ्याच्या दिव्यातून 254 नॅनोमीटरचा प्रकाश येतो. आताच्या बाटल्यांतले एलईडी साधारण 265 ते 280 नॅनोमीटरचे असतात.

इथे महत्त्वाची गोष्ट म्हणजे मात्रा. प्रकाशाची तीव्रता गुणिले वेळ, एवढाच तिचा हिशोब. पाणी निर्जंतुक करणाऱ्या यूव्ही उपकरणांसाठी 40 मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर ही मात्रा प्रमाण मानली जाते. क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी 12 मिलिज्यूललाच हजारात एक इतका कमी होतो, जिआर्डियाही साधारण तेवढ्यातच. जिवाणू त्याहून नाजूक. ॲडिनोव्हायरस मात्र फार चिवट आहे: दहा हजारात एक इतका तो कमी करायचा तर 186 मिलिज्यूल लागतात, आणि खिशातल्या बॅटरीवर चालणाऱ्या बाटलीकडून ती अपेक्षा धरू नये.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात गुइयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि सगळ्यांचं लक्ष पिण्याच्या पाण्याकडे गेलं. कॅम्पिलोबॅक्टर यूव्हीपुढे टिकत नाही. म्हणजे दिसायला नितळ पण आतून दूषित अशा नळाच्या पाण्यासाठी ही बाटली खरोखर कामाची आहे. तिला वाया घालवते ती आपली वापरण्याची पद्धत.

पहिला संशय: पाणी

पाण्यातला मातीचा बारीक कण जंतूला आडोसा देतो. कणाच्या सावलीत किंवा भेगेत बसलेल्या जंतूपर्यंत प्रकाश जात नाही, आणि दिव्याची फेरी कितीही वेळा लावली तरी त्याची मात्रा भरत नाही. निर्जंतुक करण्याआधी पाण्याचा गढूळपणा शक्यतो 1 एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) खाली असावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या आयएस 10500 या मानकातही पिण्याच्या पाण्यासाठी 1 ही इष्ट आणि 5 ही कमाल मर्यादा आहे. अडचण अशी की डोळ्यांना गढूळपणा जाणवायला लागतो तोच 4 एनटीयूच्या पुढे. पाणी ‘जरासं मळकट’ दिसत असेल तर ते यूव्हीच्या मर्यादेपलीकडे गेलेलं असतं.

बाटलीखाली वर्तमानपत्र ठेवून मथळा वाचता आला की पाणी चालेल, अशी एक चाचणी बरेच जण सांगतात. ती चाचणी खरी आहे, पण वेगळ्या पद्धतीसाठी. पारदर्शक पेट बाटली सहा तास उन्हात ठेवून पाणी शुद्ध करतात त्या सोडिस पद्धतीत 30 एनटीयूपर्यंतचं पाणी चालतं, आणि मथळ्याची चाचणी त्या 30 साठी आहे. एक-दोन मिनिटांच्या यूव्ही फेरीला ती लावली तर तीसपट सूट दिल्यासारखं होतं.

गडावरच्या टाक्यांत फरक असतो. खडकात खोदलेलं, सावलीतलं, उपसा असलेलं टाकं, सिंहगडाच्या देवटाक्यासारखं, बहुधा नितळ असतं. उघड्या तळ्यांत, गुरं उतरतात अशा डबक्यांत आणि पहिल्या पावसाच्या ओढ्यात यूव्ही बाटली थेट भरू नका. कोकणात आणखी एक गोष्ट: जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात लोह असू शकतं. 0.3 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर लोह गेलं की ते यूव्ही शोषून घेतं आणि काचेवर तांबूस थरही धरतं. जंगलातल्या ओढ्यात कुजलेल्या पानांचा चहासारखा रंग उतरलेला असतो. ते पाणी गढूळ नसतं, आरपार दिसतं, पण त्या रंगातच यूव्ही अडकतं. रंगीत पाणी म्हणजे निम्मी मात्रा असं समजून चाला.

हिमालयात जाणाऱ्यांनी हिमनदीच्या दुधाळ पाण्याकडे बघावं. गोमुखाच्या वाटेवर भागीरथीचं पाणी पांढुरकं दिसतं ते खडकाच्या पिठासारख्या भुकटीमुळे. ‘बर्फाचं पाणी आहे, शुद्धच असणार’ हा समज तिथे फार पसरलेला आहे. त्या पाण्यात यूव्ही जवळजवळ आंधळं होतं.

उपाय साधा आहे, पण वेळ मागतो. मुक्कामाला पोचल्या पोचल्या पाणी पातेल्यात काढून ठेवा. हात लावायचा नाही, हलवायचं नाही. फार गढूळ असेल तर तुरटीचा खडा चार-दोन वेळा फिरवा आणि गाळ खाली बसू द्या. मग वरचं निवळलेलं पाणी सुती कापडाच्या चार पदरांतून गाळून घ्या. कापड जुनं, अनेकदा धुतलेलं असेल तर उत्तम, कारण धुऊन धुऊन धागे फुगतात आणि छिद्रं लहान होतात. बांगलादेशात मतलब भागातल्या खेड्यांमध्ये रिटा कोलवेल यांच्या गटाने जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला शिकवलं, आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कॉलऱ्याचं प्रमाण 48 टक्क्यांनी उतरलं. आपल्याकडेही नारूचा रोग गेला त्यात पाणी गाळून पिण्याचा मोठा वाटा होता. नारूची अळी पोटात बाळगणारा सायक्लोप्स हा पाण्यातला बारीक जीव कापडात अडकतो. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

कापडाने चिकणमातीचे बारीक कण थांबत नाहीत, हेही लक्षात असू द्या. निवळूनही पाणी धुरकट राहत असेल तर त्या दिवशी यूव्हीचा नाद सोडा आणि पाणी उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं द्यायची, पण आपलं कळसूबाई 1646 मीटर आहे, म्हणजे महाराष्ट्रात कुठेही एक मिनिटावर भागतं. इंधन वाचवायचं म्हणून लोक उकळायचं टाळतात, आणि त्यातच गट आजारी पडतो.

दुसरा संशय: तोंड, आटे आणि वॉशर

हे कारण सर्वांत जास्त निसटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

बाटली टाक्यात बुडवून भरली की कच्चं पाणी तिच्या बाहेरच्या अंगाला, तोंडाच्या कडेला आणि झाकणाच्या आट्यांत लागतं. दिवा झाकणाच्या आत, खाली तोंड करून बसवलेला. त्याचा प्रकाश सरळ पाण्यात जातो, आट्यांत जात नाही. फेरी पूर्ण झाल्यावर झाकण उघडून आपण ज्या कडेला ओठ लावतो, नेमकी तीच कड न उजळलेली असते. आतलं लिटरभर पाणी शुद्ध आणि कडेवरचे चार थेंब कच्चे. नोरोव्हायरससारख्या विषाणूंना तेवढं पुरतं.

म्हणून दोन भांडी ठेवा. एक साधी हलकी बाटली किंवा मग कच्च्या पाण्यासाठी, तिला रंगीत दोरा बांधून ठेवा म्हणजे अंधारातही गोंधळ होत नाही. यूव्ही बाटली टाक्याच्या पाण्याला कधीच टेकवायची नाही. कच्च्या भांड्यातून, कापडातून, तिच्यात पाणी ओतायचं. मग तोंड आणि आटे कोरड्या स्वच्छ रुमालाने पुसून झाकण लावायचं. फेरी झाल्यावर झाकण थोडं सैल करून बाटली तिरकी करा आणि शुद्ध झालेलं घोटभर पाणी आट्यांवरून वाहून जाऊ द्या. आणि आपल्या घरांत शिकवतात तसं पाणी वरून प्या, तोंड लावू नका. गटात एकच बाटली फिरत असेल तर हे आग्रहाने पाळा.

कुबट वासाचं मूळही इथेच असतं. झाकणाच्या आत सिलिकॉनचं वॉशर असतं आणि त्याच्यामागच्या खाचेत ओल कायम राहते. तिथे बुळबुळीत थर जमतो. या थरातले जंतू स्वतःभोवती चिकट आवरण करून राहतात, आणि वॉशरच्या मागे प्रकाश तर पोचतच नाही. बाटली स्वतःहून दर काही तासांनी दिवा लावून ‘स्वच्छ होते’ असं लिहिलेलं असलं तरी ती सफाई प्रकाशाला दिसणाऱ्या भागाची. वॉशर टोकदार नसलेल्या काडीने अलगद काढा, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून भिजवा, जुन्या मऊ टूथब्रशने खाच घासा, सगळं पूर्ण सुकवा आणि मगच परत बसवा. ट्रेकहून आल्यावर बाटली उघडी, उलटी ठेवून वाळवायची सवय लागली की वास बहुतेक येतच नाही. वॉशर काळं पडलं असेल किंवा चिरलं असेल तर घासत बसू नका, बदलून घ्या.

याच कारणाने या बाटलीत सरबत, ताक, ओआरएस काही घालू नका. रंगीत आणि धुरकट द्रवातून यूव्ही जात नाही, आणि साखरेचा अंश राहिला की थर आणखी वेगाने वाढतो. ओआरएस लागलंच तर आधी पाणी शुद्ध करा, मग ते दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात पूड मिसळा.

तिसरा: काच आणि तिच्यावरचे क्षार

एलईडीसमोर क्वार्ट्झची किंवा तशीच यूव्ही आरपार जाऊ देणारी छोटी खिडकी असते. साधी काच आणि बहुतेक प्लास्टिक यूव्ही-सी अडवतं, म्हणून ती खास असते. सोलापूर, मराठवाडा, नगर या पट्ट्यात बोअरचं पाणी जड आहे. असं पाणी रोज भरलं की खिडकीवर पांढुरका थर चढतो. डोळ्याला निळा उजेड तसाच दिसतो, कारण तो खुणेसाठी लावलेला दृश्य प्रकाश असतो, यूव्ही-सी डोळ्याला दिसतच नाही. थराने निम्मं यूव्ही अडवलं तर मात्रा निम्मी होते, आणि बाटली तरीही ‘झालं’ म्हणते.

या क्षारांचा त्रास मोठ्या यंत्रांनाही होतो. 1992-93 मध्ये भारतात कॉलऱ्याचा ओ139 हा नवा प्रकार पसरला. त्यानंतर मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांनी अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत खेड्यांसाठी यूव्ही वॉटरवर्क्स हे यंत्र बनवलं. त्यात त्यांनी दिवा पाण्यात बुडवलाच नाही, वाहत्या पाण्याच्या वर हवेत टांगला. दिव्याला पाणी लागत नाही, म्हणून त्यावर थरही चढत नाही. किती साधा आणि किती विचार करून काढलेला मार्ग! बाटलीत ही सोय नाही. तिथे खिडकीवर पाणी आदळत राहतं, म्हणून ती पुसणं आपल्यावर येतं.

पुसायची रीत: वाटीत बोटभर कोमट पाणी घ्या, त्यात अर्धा चमचा लिंबूसत्त्व विरघळवा, झाकण असं धरा की फक्त खिडकी बुडेल, पंधरा-वीस मिनिटं थांबा. चार्जिंगची जागा भिजू देऊ नका. मग मऊ सुती कापडाने पुसा आणि साध्या पाण्याने धुवा. लिंबूसत्त्व नसेल तर पांढरा व्हिनेगर चालतो. घासणी, काथ्या, राख, टूथपेस्ट यातलं काही लावू नका, ओरखडे कायमचे राहतात. बोटांचा तेलकट ठसा असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं सर्जिकल स्पिरिट घेऊन पुसा. दिवा चालू असताना खिडकीकडे कधीही बघू नका. बऱ्याच झाकणांत बाटलीवर बसल्याशिवाय दिवा न लागण्याची सोय असते, पण तिच्यावर विसंबू नका. यूव्ही-सीने डोळ्यांचं बुबुळ भाजतं आणि दुखणं काही तासांनी सुरू होतं.

चौथा: फेरी अपुरी पडते

बहुतेक बाटल्यांत दोन फेऱ्या असतात, नळाच्या पाण्यासाठी छोटी आणि ओढ्या-तळ्याच्या पाण्यासाठी मोठी. गडावर घाईत छोटीच लागते. टाक्याच्या पाण्याला नेहमी मोठी लावा. मध्ये बाटली दोन-तीनदा उलटी-सुलटी करून हलवा, म्हणजे तळाचं आणि कोपऱ्यातलं पाणी दिव्याजवळ येतं. शंका असेल तर मोठी फेरी पुन्हा लावा. दोन्ही फेऱ्यांची मात्रा एकत्र मोजली जाते, त्यामुळे दुसरी फेरी वाया जात नाही. दोनमध्ये थोडा वेळ जाऊ द्या, एलईडी तापला की त्याचा प्रकाश उतरतो.

शुद्ध केलेलं पाणी साठवून ठेवण्याचा प्रश्न वेगळा. क्लोरीन पाण्यात शिल्लक राहून पुढेही राखण करतं. यूव्हीमागे काहीच उरत नाही. रात्री शुद्ध केलेलं पाणी सकाळी तोंड लावून, कप बुडवून, हात लागून पुन्हा दूषित झालेलं असू शकतं. शिवाय काही जिवाणू दृश्य प्रकाशात आपला तुटका डीएनए थोडाफार दुरुस्त करून घेतात, म्हणून पारदर्शक बाटली शुद्ध केल्यावर उन्हात ठेवू नये. सकाळी निघताना पुन्हा एक फेरी लावणं हा सरळ मार्ग आहे. मोठ्या गटासाठी हंडाभर पाणी साठवायचं असेल तर मेडिक्लोर हे क्लोरीनचं द्रावणच घ्या, वेष्टनावरच्या मापाने थेंब टाका आणि किमान अर्धा तास थांबा. क्रिप्टोस्पोरिडियमला क्लोरीन पुरत नाही आणि साठवणीला यूव्ही पुरत नाही, म्हणून मी दोन्ही बरोबर ठेवतो.

पाचवा: चार्जच होत नाही

हा त्रास पावसाळी ट्रेकमध्ये फार होतो आणि बहुतेकदा बाटलीत दोष नसतो. दोन्ही टोकांना सी प्रकारची पिन असलेली केबल काही बाटल्यांना चालत नाही. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी पिन असलेली केबल लावून बघा. पॉवर बँक सुरू होऊन अर्ध्या मिनिटात बंद पडते, कारण बाटलीची बॅटरी इतका थोडा प्रवाह घेते की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. त्याच पॉवर बँकेवर फोनही लावून ठेवा किंवा तिची कमी प्रवाहाची सोय चालू करा. चार्जिंगच्या धातूच्या टिकल्यांवर ओल आणि मीठ बसून हिरवट पुटं येतात, ती खोडरबराने निघतात. सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन बॅटरी उतरते, तिच्यासाठी कुलूप-सोय असेल तर लावा.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. रात्री झाकण स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नका, ती कायमची बिघडते.

बाटलीच खरी आहे का

स्वस्तात मिळणाऱ्या काही ‘यूव्ही’ बाटल्यांत नुसता जांभळा एलईडी असतो. 395 ते 405 नॅनोमीटरचा तो प्रकाश एवढ्या ताकदीने आणि एवढ्या वेळात पाणी शुद्ध करत नाही. नोट चमकली म्हणजे यूव्ही खरं, असं दुकानदार दाखवतात. नोटेवरच्या खुणा या जांभळ्या प्रकाशातही चमकतात, त्यामुळे त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. खोक्यावर तरंगलांबी 260 ते 280 नॅनोमीटरच्या दरम्यान लिहिली आहे का, आणि कोणत्या जंतूवर किती घट झाली याचा अहवाल आहे का, ते बघा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या 1987 च्या निकषानुसार पाणी शुद्ध करणाऱ्या उपकरणाने जिवाणू दहा लाखांत एक, विषाणू दहा हजारांत एक आणि परजीवींच्या पुटी (कवचातली त्यांची अवस्था) हजारांत एक इतक्या कमी करायला हव्यात. ‘99.99 टक्के जिवाणू’ हा आकडा दिसायला भक्कम आहे, पण दहा लाखांतले शंभर त्यात शिल्लक राहतात.

आणि यूव्ही पाण्यातलं रसायन काढत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत फ्लोराइड आहे, शेतीपट्ट्यात नायट्रेट आहे, कारखान्यांच्या खाली आणखी काय काय. दिवा लावून यातलं काहीही कमी होत नाही. अशा ठिकाणी बाटली शुद्धतेचा खोटा दिलासा देते. पायथ्याच्या गावात पाणी भरणार असाल तर ग्रामपंचायतीला पाण्याच्या तपासणीनंतर कोणतं कार्ड मिळालंय ते विचारा, हिरवं, पिवळं की लाल. गावच्या जलसुरक्षकाला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कधी टाकली तेही माहीत असतं. विचारलं की लोक मोकळेपणाने सांगतात.

कदाचित पाणी कारण नसेलच

त्रास कधी सुरू झाला ते आठवा. जेवणानंतर दोन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा शिळ्या भाताचा किंवा उघड्या पनीरचा दोष असतो. नोरोव्हायरसला साधारण 12 ते 48 तास लागतात, कॅम्पिलोबॅक्टरला दोन ते पाच दिवस, जिआर्डियाला एक ते दोन आठवडे. कावीळ तर महिन्या-दीड महिन्यानेही दिसते, तेव्हा ट्रेक कुणाच्या डोक्यातही नसतो. ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिआर्डिया झाला असं म्हणून बाटलीला दोष देण्यात अर्थ नाही. हातांकडेही बघा: शौचाहून आल्यावर साबण लावला का, आणि त्याच हातांनी काकडी चिरली का.

जुलाब सुरू झाले तर आधी ओआरएस. पाकीट नसेल तर लिटरभर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शौचात रक्त, चढता ताप, लघवी कमी होणं यातलं काही दिसलं तर खाली उतरून दवाखाना गाठा. जुलाबानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पाय लटपटू लागले, मुंग्या येऊन ताकद जाऊ लागली, तर एक दिवसही थांबू नका. गुइयाँ-बारेची सुरुवात अशीच होते.

घरी करायची एक पक्की चाचणी

एवढं करूनही शंका उरली तर एचटूएस बाटली आणा. विष्ठेच्या दूषितपणाची ही साधी चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी 1982 साली मांडली, आणि आज गावोगावचे आरोग्य कर्मचारी ती वापरतात. दोन बाटल्या घ्या. एकीत टाक्यातलं कच्चं पाणी, दुसरीत तेच पाणी निवळून, गाळून आणि यूव्हीची मोठी फेरी लावून. हात न लावता खुणेपर्यंत भरा, नावं लिहा, ऊबदार जागी 24 ते 48 तास ठेवा. पाणी काळं पडलं म्हणजे विष्ठेतले जंतू आहेत. विषाणू यात कळत नाहीत, ही तिची मर्यादा.

कच्चं काळं आणि शुद्ध केलेलं स्वच्छ राहिलं तर तुमची बाटली काम करते, लक्ष द्यायचं ते तोंड, आटे आणि हातांकडे. दोन्ही काळी पडली तर खिडकी लिंबूसत्त्वाने साफ करून, वॉशर बदलून तीच चाचणी नितळ नळाच्या पाण्यात टाक्याचं चमचाभर पाणी मिसळून पुन्हा करा. आता स्वच्छ राहिलं तर त्या टाक्याच्या गढूळपणाने घात केला होता. तरीही काळं पडलं तर एलईडी गेला आहे, झाकण नवं घ्या आणि तोवर पाणी उकळून प्या.